घरगुती सीएनसी राऊटर आला कुठून: हेलिकॉप्टरच्या पात्यापासून भंगारातल्या प्रिंटरपर्यंत

एमडीएफची फ्रेम, जुन्या प्रिंटरमधून काढलेल्या मोटर, हार्डवेअरच्या दुकानातला आटेवाला रॉड आणि पुढे क्लॅम्प करून लावलेला सुताराचा ट्रिमर. असं घरी बनवलेलं सीएनसी, म्हणजे कॉम्प्युटरच्या हुकमाने लाकूड कापणारं राऊटर मशीन, बघितलं की लोक लगेच "काय जुगाड आहे राव" म्हणतात. जुगाड आहेच, पण हाच जुगाड १९८० साली कितीही हुशार माणसाला घरी जमवणं जवळपास अशक्य होतं, कारण गाडी लाकडापाशी अडत नव्हतीच, मोटर कधी आणि किती फिरवायची हे ठरवणाऱ्या डोक्यापाशी अडत होती. ते डोकं स्वस्त कसं झालं तीच या मशीनची खरी हिस्ट्री.

सुरुवात १९४० च्या दशकातली, अमेरिकेत मिशिगनमधल्या ट्रॅव्हर्स सिटीची. जॉन पार्सन्सची कंपनी हेलिकॉप्टरची पाती बनवायची. पात्याचा आकार ड्रॉइंगवर फक्त १७ पॉइंटमध्ये दिलेला, मधलं वळण फ्रेंच कर्व्ह (वळणं काढायची पट्टी) ठेवून जुळवायचं. पार्सन्स आणि त्याचा इंजिनिअर फ्रँक स्ट्यूलन यांनी आयबीएमच्या पंच कार्ड मशीनवर हिशोब करून त्याच वळणाचे २०० पॉइंट काढले, आणि मग एक जण चार्टवरचे आकडे मोठ्याने वाचतोय, दुसरा एक्सचं (आडव्या दिशेचं) हँडल फिरवतोय, तिसरा वायचं (त्याच्या काटकोनातलं), असं काम सुरू झालं. म्हणजे सीएनसीच की, फक्त कंट्रोलरच्या जागी तीन माणसं!

पुढे १९४९ मध्ये अमेरिकन हवाई दलाने पैसे दिले, काम एमआयटीच्या लॅबकडे गेलं आणि १९५२ मध्ये भोकं पाडलेल्या कागदी टेपवर चालणारं मिलिंग मशीन लोकांना दाखवलं गेलं. मशीन सिनसिनाटी कंपनीचं, पण कंट्रोल म्हणजे शेकडो व्हॅक्यूम ट्यूब आणि रिले भरलेली फ्रिजएवढी कपाटं. हे कोण घरी ठेवणार?

जी-कोडची, म्हणजे मशीनला कुठे आणि कसं सरकायचं हे सांगणाऱ्या भाषेची, मुळंही त्याच काळातली. आज भोसरीतल्या शॉपमध्ये ऑपरेटर व्हीएमसीवर (कारखान्यातल्या सीएनसी मिलिंग मशीनवर) जो जी०१ (सरळ रेषेत कापत जा) टाकतो तोच जी०१ लाकडी राऊटरलाही कळतो, आणि घरी करणाऱ्यांची निम्मी कटकट इथेच वाचली, भाषा आयती मिळाली.

आता मधली बरीच वर्षं सोडून देऊ, मायक्रोप्रोसेसर आले, कंट्रोलर लहान झाले, पण किंमत कारखान्याचीच राहिली. खरा फरक पडला १९९० च्या दशकात. एनआयएसटी या अमेरिकन सरकारी संस्थेने ईएमसी नावाचं कंट्रोल सॉफ्टवेअर साध्या पीसीसाठी लिहिलं, आणि तिथे सरकारी कर्मचाऱ्याने ड्युटीवर लिहिलेल्या गोष्टीवर कॉपीराइट लागत नाही म्हणून ते सगळ्यांना खुलं झालं. त्याच्यावरच पुढे लिनक्ससीएनसी उभं राहिलं. विंडोजवाल्यांसाठी मॅक-३ हे तसंच सॉफ्टवेअर आलं. आणि हे सगळं चालायचं पीसीच्या मागच्या पॅरलल पोर्टवर, जिथे आपण प्रिंटरची केबल लावायचो तिथेच. डेटाच्या ८ पिन, एका मोटरला २ लागतात, एक स्टेपची (मोटर एक टप्पा फिरवायची), एक दिशेची, म्हणजे ४ मोटर निघाल्या, वेगळं कार्ड घ्यायची गरजच नाही.

याच सुमाराला ऑफिसांमधून डॉट मॅट्रिक्स प्रिंटर आणि जुने झेरॉक्स मशीन भंगारात निघायला लागले, आणि त्यांच्या पोटात काय, तर स्टेपर मोटर (एकेका ठरावीक टप्प्याने फिरणारी), गुळगुळीत स्टीलचे रॉड, पट्टे, पुल्या. ही मोटर हाताने फिरवली की बोटांना बारीक खटके लागतात. चार किंवा सहा वायरमधून जोडी कुठली हे शोधायला मीटरसुद्धा लागत नाही, दोन वायर एकमेकींना चिकटवायच्या आणि शाफ्ट फिरवायचा, एकदम जड झाला की समजायचं या दोन्ही एकाच कॉइलच्या आहेत.

लाकूड आलं ते परवडतं आणि घरच्या हत्यारांनी कापता येतं म्हणून, बाकी काही तत्त्वज्ञान नाही. सरकायला ड्रॉवर चॅनेल, नाहीतर अॅल्युमिनियमच्या अँगलवर धावणारी ६०८ नंबरची बेअरिंग, जी स्केटिंगच्या चाकात असतात. ८ एमएमच्या रॉडला एका फेरीत १.२५ एमएम पुढे जायचं आणि मोटरच्या एका फेरीत २०० स्टेप, म्हणजे कागदावर एक स्टेप ०.००६२५ एमएम, वाचून माणूस हवेतच जातो, पण नटमध्ये जो प्ले, म्हणजे ढिलेपणा, असतो तो एवढ्या सगळ्या शून्यांना खाऊन टाकतो. म्हणून मग दोन नटांमध्ये स्प्रिंग घालायची, नायलॉनचा नट करायचा वगैरे. वर पावसाळ्यात एमडीएफ फुगतं ते वेगळंच. तरी पहिलं मशीन लाकडाचंच करावं असं माझं मत आहे, कारण त्याच मशीनवर त्याचेच पुढचे, जास्त अचूक पार्ट कापता येतात.

धंद्याच्या बाजूनेही हेच चाललं होतं. अमेरिकेतल्या ड्यूक युनिव्हर्सिटीत शिकवणाऱ्या टेड हॉलला प्लायच्या बोटींचे पार्ट कापायचे होते, बाजारातलं मशीन परवडेना, म्हणून त्याने स्वतःचं केलं आणि त्यातून शॉपबॉट कंपनी निघाली. पुढे जगभरच्या फॅब लॅबमध्ये (कोणालाही येऊन वस्तू बनवता येतील अशा वर्कशॉपमध्ये) शॉपबॉट दिसायला लागलं, आणि एमआयटीच्या बाहेरची पहिली फॅब लॅब २००२ मध्ये आपल्या पाबळच्या विज्ञान आश्रमात झाली, हे पुण्यातल्या लोकांनासुद्धा सांगावं लागतं.

मग आर्डुइनो हा छोटा, स्वस्त कंट्रोलर बोर्ड आला, २००५ मध्ये, इटलीत. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये बाथ युनिव्हर्सिटीत एड्रियन बोयरने रेपरॅप सुरू केलं, ते थ्रीडी प्रिंटरचं काम, पण त्या प्रिंटरांच्या लाटेने स्टेपर आणि त्यांना करंट पुरवणारे नखाएवढे ड्रायव्हर इतके स्वस्त झाले की राऊटरवाल्यांचंही फावलं. २००९ मध्ये नॉर्वेच्या सिमेन स्वाले स्कोग्सरूडने जीआरबीएल हे कंट्रोल सॉफ्टवेअर लिहिलं, साध्या आर्डुइनोवर चालणारं, यूएसबीने जोडायचं, तेही फुकट. बरं झालं, कारण तोवर नव्या पीसीवरून पॅरलल पोर्ट गायब होत चालला होता.

आणि आता भंगाराची बाजू पडत चालली आहे. नवा इंकजेट उघडला तर कार्ट्रिज हलवायला बहुतेक वेळा साधी डीसी मोटर आणि एक पारदर्शक एन्कोडर पट्टी (कार्ट्रिज कुठे आहे ते मोजणारी) निघते, ती या कामाला सरळ लावता येत नाही. त्यामुळे हल्ली मोटर, ड्रायव्हर, लीड स्क्रू (आटेवाल्या रॉडच्या जागी येणारा) सगळं ऑनलाइन नवीनच मागवतात, भंगारातून निघतो फार तर पॉवर सप्लाय आणि एखादा चांगला रॉड, फ्रेम मात्र अजून प्लायचीच.