व्हिलन आवडणं वेगळं, व्हिलन पटणं वेगळं

भाचा लातूरला अकरावीला आहे, सुट्टीत इकडं आला की रात्री गच्चीवर आमचं हेच चालतं, कॉमिक्स आन पिच्चर. परवा विषय निघाला थॅनॉसचा, म्हणजे अव्हेंजर्सच्या पिच्चरमधला व्हिलन, जो एका चुटकीत अर्धं विश्व संपवतो. भाचा म्हणला, "मामा, थॅनॉसचं काय चुकलं तेवढं सांगा की. माणसं जास्त, पाणी कमी, मग कुणीतरी काहीतरी करायलाच पाहिजे ना?" आता हे लातूरचं पोरगं, 2016 ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं तेव्हा हा शाळेत नुकताच जायला लागलेला, पहिल्या गाडीला दहा टाक्या, पाच लाख लिटर, आन घरी मात्र घागरी मोजून. त्याला थॅनॉस पटणारच, त्यात नवल नाही. पण तो लगेच पुढं म्हणला की म्हणूनच थॅनॉस भारी व्हिलन आहे, बॅटमॅनच्या जोकरपेक्षा भारी, आन इथं माझं त्याचं बिनसलं, कारण व्हिलन आवडणं आन पटणं ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आन सगळे त्या एकातच घालतात.

आवडणं म्हणजे काय ते मी पहिल्यांदा गावच्या जत्रेत बघितलं. वगात सावकार होता. समोर शेतकरी पाया पडून रडायलाय आन हा खाली मान घालून अडकित्त्यानं सुपारी कातरायलाय, एक शब्द नाही, नुसतं कट्, कट्. हजार माणूस बसलेलं पण तेवढाच आवाज. सावकाराचं बरोबर आहे असं तिथं कुणालाच वाटलं नाही, कारण निम्म्यांच्या घरात तेच झालेलं होतं, तरी पुढं वर्षभर आम्ही पोरं चिंचोके हातात घेऊन तसंच मान खाली घालून बसायचो.

जोकर ह्याच जातीचा. 1940 च्या बॅटमॅन कॉमिक्सच्या पहिल्याच अंकात त्याला मारून टाकायचं ठरलेलं होतं, संपादकानं ऐनवेळी एक चित्र वाढवून त्याला जिवंत ठेवलं म्हणून तो आजवर टिकला. 2008 च्या डार्क नाइटमध्ये हीथ लेजरचा जोकर तोंडावरच्या जखमांची गोष्ट दोनदा सांगतो, एकदा बाप, एकदा बायको, दोन्ही वेळा वेगळी, म्हणजे कारण हातात येऊच देत नाही. कारण कळलं असतं तर आपण त्याला समजून घेऊन मोकळे झालो असतो. इथं तसं होत नाही, नजर त्याच्यावरच राहते, तो ओठ चाटतो तेसुद्धा आपण बघत बसतो. शिवाय समोर बॅटमॅन आहे ज्यानं जीव घ्यायचा नाही असं ठरवलंय, आन जोकर बरोबर तिथंच बोट घालतो.

पटणाऱ्याचं गणित उलटं असतं, त्याला कारणच लागतं. एक्स-मेन कॉमिक्समधला मॅग्नेटो 1963 ला आला तेव्हा जगावर राज्य करायला निघालेला साधा दुष्ट होता, 1981 मध्ये गोष्टीत कळलं की तो पोरपणी ऑशविट्झच्या छळछावणीतून आलाय, आन तिथून तो "आमच्या लोकांवर परत ती वेळ येऊ देणार नाही" असं म्हणला की गप्प व्हावं लागतं.

आन थॅनॉस, ह्याच्यात तर दोन्ही प्रकार आहेत, म्हणून मी भाच्याला तोच उलगडून सांगितला. 1991 च्या कॉमिक्समध्येसुद्धा तो अर्धं विश्व संपवतो, पण कशासाठी, तर मृत्यू नावाची बाई त्याला आवडते, तिला खूश करायला. हे कुणाला पटेल? कुणालाच नाही, तरी वाचताना अंगावर काटा येतो. 2018 च्या पिच्चरमध्ये माणूस तोच, चुटकी तीच, फक्त कारण बदललं, खाणारी तोंडं जास्त आन साधनं कमी, आन बघा, लगेच गावोगावची पोरं त्याची वकिली करायला लागली.

त्यातही पटतो तो त्याचा प्रश्न, उपाय नाही, आन हे तर लैच जण विसरतात. मी भाच्याला म्हणलं, वाटेल ते करता येईल असे सहा जादूचे मणी हातात असताना पाणी दुप्पट करता येत नव्हतं का? आन आपल्याकडं तरी नुसतं पाणी कमी होतं का, का उसाला किती आन माणसाला किती हे पण बघायचं? तो बराच वेळ बोलला नाही, मग म्हणला, "हे बरोबर आहे, पण मग पिच्चर बघताना कामून नाही सुचत?" कारण त्याचं दुःख खरं दाखवलेलं असतं, त्याचा स्वतःचा ग्रह उजाड झालेला असतो, आन दुःख खरं दिसलं की हिशोब तपासायचं राहून जातं.

माझी खूण एकच आहे. पिच्चर संपल्यावर तुम्ही त्याची नक्कल करायलात की त्याच्यासाठी भांडायलात? नक्कल करत असाल तर आवडलाय, भांडत असाल तर पटलाय. दोन्ही एकात क्वचित जमतं.

भाचा स्वतः एक व्हिलन काढायलाय वहीत, टँकरवाला, अख्खा तालुका त्याच्या मुठीत. चार पानं नुसतं त्याचं बालपण लिहिलेलं, आई तहानेनं गेली वगैरे. मी विचारलं, हा पटायला पाहिजे की आवडायला? म्हणला आवडायला, भीती वाटायला पाहिजे. मग ती चार पानं काढ की, म्हणलं. रात्री साडेबाराला त्यानं नवीन पान दाखवलं. घागरींची रांग लागलीय, टँकरवाला कॉक सोडतो, आन अगोदर सावकाश, कोपरापर्यंत स्वतःचे हात धुतो.