जीपीएल म्हणजे गुपित चव्हाट्यावर? नाही हो!

नागपुरात गायत्रीनगरच्या आयटी पार्कबाहेर तर्री पोह्यांच्या ठेल्यावर एक समज वर्षानुवर्षं ऐकतो आहे: सरकारी किंवा लष्करी कामात जीपीएलचा (म्हणजे ओपन सोर्स, खुल्या कोडच्या सॉफ्टवेअरच्या एका परवान्याखालचा) कोड वापरला, की आपला सगळा कोड जगासमोर मांडावा लागतो. म्हणून टेंडर भरणारे ओपन सोर्सचं नाव काढलं तरी दचकतात.

जीपीएल असं म्हणतच नाही. तिची अट लागू होते ती सॉफ्टवेअर दुसऱ्याला दिल्यावर, आणि सोर्स (मूळ कोड) मिळण्याचा हक्क असतो तो ज्याला प्रोग्राम दिला त्याला. कंत्राटदाराने सैन्याला प्रोग्राम दिला, तर सोर्स सैन्याला द्यायचा. सैन्याने तो प्रोग्राम स्वतःपुरता वापरला, तर पुढे कोणालाच काही देणं लागत नाही. एक खाच मात्र आहे. जीपीएलच्या १९९१ च्या दुसऱ्या आवृत्तीत सोर्स सोबत न देता ‘मागाल तेव्हा देऊ’ असं लेखी दिलं, तर ते वचन कोणाही तिसऱ्याला लागू होतं. तेव्हा सोर्स डिलिव्हरीसोबतच देऊन मोकळं व्हावं. (आळस इथेच नडतो.)

‘कोड उघडा म्हणजे असुरक्षित’ हे तर आणखी जुनं तुणतुणं. अमेरिकेच्या एनएसए या गुप्तचर संस्थेने २००० साली एसई-लिनक्स, म्हणजे लिनक्सची सुरक्षा कडक करणारं आपलं काम, स्वतःच खुलं केलं. तिथल्या संरक्षण खात्याने २००९ मध्ये लेखी कळवलं, की ओपन सोर्स हे बहुतेक वेळा बाजारातल्या इतर सॉफ्टवेअरसारखं व्यावसायिक सॉफ्टवेअरच मानावं. आपल्याकडे केंद्राचं ओपन सोर्स धोरण २०१५ चं. संरक्षण मंत्रालयाची ‘माया’ ही संगणकांची ऑपरेटिंग सिस्टिमही उबुंटू या ओपन सोर्स लिनक्सवर उभी आहे.