पेशीविभाजन

पेशीविभाजन : एका पेशीपासून नव्या पेशी निर्माण होण्याची क्रिया. सजीवांची वाढ, झीज भरून येणे आणि प्रजनन यांचा ती पाया आहे.

पेशी पेशीपासूनच उद्भवते, या सिद्धांताचे श्रेय सामान्यतः रूडोल्फ फिरखो (१८५५) यांना दिले जाते. ते पूर्णतः रास्त नाही. वनस्पतींतील विभाजन द्यूमॉर्त्ये (१८३२) आणि फोन मोल (१८३५) यांनी आधीच नोंदवले होते. तरीही श्लायडेन व श्वान (१८३८–३९) नवी पेशी आकारहीन द्रव्यातून साकळते असे मानत. कोंबडीच्या भ्रूणातील रक्तपेशी दुभंगताना रोबेर्ट रेमाक यांनी १८४१ च्या सुमारास पाहिल्या व १८५२ मध्ये, म्हणजे फिरखो यांच्या आधी, विभाजनाखेरीज पेशीनिर्मितीचा दुसरा मार्ग नाही असे प्रतिपादले. फिरखो यांचे ‘प्रत्येक पेशी पेशीपासूनच’ हे गाजलेले लॅटिन सूत्रही रास्पाय यांनी १८२५ मध्ये वापरले होते, असे सांगतात. अग्रमान रेमाक यांना देणे अधिक सयुक्तिक होय. सूत्री विभाजनाचे (गुणसूत्रांची, म्हणजे आनुवंशिक गुण वाहणाऱ्या केंद्रकातील धाग्यांची, दोन पेशींत समान वाटणी करणाऱ्या विभाजनाचे) तपशीलवार वर्णन व त्याचे नामकरण वाल्टर फ्लेमिंग यांनी सॅलॅमँडरच्या ऊतींवरून १८८२ पर्यंत पूर्ण केले.

सूत्री विभाजनात द्विगुणित झालेली गुणसूत्रे पूर्वावस्थेत आखडतात, मध्यावस्थेत पेशीच्या मध्यप्रतलावर येतात, पश्चावस्थेत त्यांची अर्धगुणसूत्रे (प्रत्येकाच्या दोन समान प्रती) विरुद्ध ध्रुवांकडे खेचली जातात आणि अंत्यावस्थेत दोन केंद्रके तयार होतात. यातील निर्णायक क्षण मध्यावस्थेच्या अखेरीस येतो. एकही गुणसूत्र तर्कुतंतूंशी (गुणसूत्रे ध्रुवांकडे ओढणाऱ्या तंतूंशी) जोडले जायचे राहिले असेल, तर ते ‘थांबा’ असा रासायनिक संकेत देत राहते आणि पश्चावस्था लांबते. ही तपासणी फसली की वाटणी विषम होते.

अशा विषम वाटणीचे परिणाम थिओडोर बोव्हेरी यांनी समुद्री अर्चिन या काटेरी सागरी प्राण्यावर दाखवले. दोन शुक्रपेशींनी फलित झालेल्या अंड्यात तर्कूला (तर्कुतंतूंच्या रचनेला) अनेक ध्रुव असतात. गुणसूत्रे वाटेल तशी विखुरतात आणि भ्रूण निरनिराळ्या तऱ्हांनी बिघडतात. यावरून प्रत्येक गुणसूत्राचे कार्य वेगळे असावे, हे अनुमान त्यांनी १९०२ मध्ये काढले; १९१४ मध्ये कर्करोगाचा उगमही अशाच बिघाडात शोधला. कर्कपेशींतील विषम विभाजने हान्सेमान यांनी १८९० मध्येच वर्णिली होती. मात्र गुणसूत्रसंख्येतील बदल हा कर्करोगाचे कारण की परिणाम, यावर मतभेद आहेत; तो प्रकारानुसार दोन्ही असू शकतो, हे मत अधिक ग्राह्य वाटते. संख्या न बदलताही दोष उद्भवतो : ९ व २२ क्रमांकांच्या गुणसूत्रांत तुकड्यांची अदलाबदल झाल्याने दीर्घकालिक मज्जाजन्य रक्तकर्करोग होतो, हे जॅनेट राउली यांनी १९७३ मध्ये दाखवले.

मानवी गुणसूत्रांची संख्या बरीच वर्षे ४८ मानली जात होती. ती ४६ आहे, हे त्जिओ व लेव्हान यांनी १९५६ मध्ये सिद्ध केले. त्यानंतर १९५९ मध्ये डाउन सिंड्रोममध्ये २१ वे गुणसूत्र जादा असल्याचे उघड झाले. हे श्रेय लजन यांच्या नावे रूढ असले, तरी ऊतिसंवर्धन मार्त गोत्ये यांनी केले होते व त्यांचा वाटा आता अधिक मान्य होत आहे. हा दोष बहुधा अर्धगुणसूत्री विभाजनात (अंडपेशी व शुक्रपेशी बनताना गुणसूत्रसंख्या निम्मी करणाऱ्या विभाजनात) घडतो. मानवी अंडपेशी हे विभाजन मातेच्या जन्मापूर्वीच सुरू करून अर्ध्यावर थांबते व पुढे कित्येक वर्षे तशीच राहते. एवढ्या काळात गुणसूत्रांना एकत्र धरणारी प्रथिने क्षीण होतात, म्हणून मातेच्या वयाबरोबर धोका वाढतो, असे बहुतेक संशोधक मानतात.

सदाफुलीपासून मिळणारे व्हिंक्रिस्टीन हे औषध तर्कुतंतू बनू देत नाही, तर टॅक्सॉल हे औषध बनलेले तंतू सुटू देत नाही. दोन्हींमुळे कर्कपेशीचे विभाजन अडते. परंतु अस्थिमज्जा, केसांची मुळे अशा वेगाने विभागणाऱ्या निरोगी ऊतींनाही झळ पोहोचू शकते.