बृहद्वृत्तीय अंतर (हवाई वाहतूक)

पृथ्वीच्या पृष्ठावरील दोन ठिकाणे आणि पृथ्वीचा मध्य यांतून जाणारे प्रतल पृष्ठाला ज्या वर्तुळात छेदते, ते बृहद्वृत्त होय. त्याच्या लहान कंसाची लांबी हे त्या ठिकाणांमधील किमान अंतर असते. विमानतळांमधील छापील अंतरे सामान्यतः याच लांबीची असतात; ती नाविक मैलांतही (१ नाविक मैल = १.८५२ किमी.) देतात.

नियमित विनाथांबा सेवांपैकी सर्वांत लांब मानला जाणारा सिंगापूर (चांगी)–न्यूयॉर्क (केनेडी) मार्ग उदाहरणादाखल घेता येईल. चांगी १.४° उ. अक्षांश व १०४° पू. रेखांशावर, तर केनेडी ४०.६° उ. व ७३.८° प. वर आहे. रेखांशांतील फरक जवळजवळ १७८° असल्याने किमान मार्ग उत्तर ध्रुवापासून ३०० किमी.च्या आत येतो. म्हणून ध्रुवावरूनच मोजले तरी चालते. दोन्ही ठिकाणांचे ध्रुवापासूनचे कोनीय अंतर (९०° वजा अक्षांश) मिळवले की ८८.६° + ४९.४° = १३८°, आणि अंशाला सुमारे १११.२ किमी. धरता अंदाजे १५,३४५ किमी. प्रत्यक्ष कंस याहून किंचितच लहान भरतो.

इतर जोड्यांसाठी सहसा अक्षांश-रेखांशांवरून अंतर देणारे हॅव्हरसाइन सूत्र वापरतात. हॅव्हरसाइन म्हणजे उत्क्रमज्येचा (१ वजा कोनाची कोज्या) निम्मा भाग. हे फलन लहान अंतरांच्या गणितात आकडेमोडीची चूक वाढू देत नाही, म्हणून नाविकांना ते सोयीचे वाटले. इंग्रजीतील पहिली सारणी जेम्स अँड्र्यू यांची (१८०५) समजली जाते. गणितेतिहासकार कजोरी मात्र स्पॅनिश नाविक मेंडोझा इ रिओस यांच्याकडे थोडे आधीचे श्रेय देतात, आणि ते अधिक ग्राह्य दिसते. नाव रूढ झाले ते जेम्स इनमन यांच्यामुळे (१८३५). उत्क्रमज्येची सारणी सूर्यसिद्धांतातही आहे. मूळ ग्रंथ चौथ्या-पाचव्या शतकातला मानला, तरी आजची संहिता बरीच नंतरची असावी. भारतीय व युरोपीय परंपरांचा थेट दुवा मात्र या सारण्यांवरून जोडता येत नाही.

पृथ्वी पूर्ण गोल नाही (विषुववृत्तीय त्रिज्या ६,३७८ किमी., ध्रुवीय ६,३५७ किमी.), त्यामुळे गोल धरून काढलेल्या अंतरात अर्ध्या टक्क्यापर्यंत चूक राहू शकते. पृथ्वीचा चपटेपणा हिशेबात घेणारी व्हिन्सेंटी यांची पद्धत (१९७५) ती दूर करते. पण पृथ्वीच्या जवळजवळ विरुद्ध टोकांना असलेल्या बिंदूंसाठी ती अडखळते.

विमान मात्र या कंसाला बांधलेले नसते. सिंगापूरहून निघालेले विमान बरेचदा प्रशांत महासागरावरून पूर्वेकडे जाते आणि परतीचे विमान अटलांटिक व युरोपवरून, तेही पूर्वेकडेच. जेट प्रवाहाचा (उंचावरून पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणाऱ्या वेगवान वाऱ्याचा) पाठीमागून मिळणारा जोर जादा अंतर भरून काढतो. परिणामी जाऊन-येऊन पृथ्वीप्रदक्षिणाच घडते. वेळापत्रकात या मार्गाला साधारण साडेअठरा ते एकोणीस तास दिलेले असतात. त्यांत धावपट्टीपर्यंतचा संथ प्रवासही धरलेला असल्याने हवेतला वेळ कमी भरतो.

सिंगापूर एअरलाइन्सने २००४ मध्ये न्यूयॉर्कलगतच्या न्यूअर्कला एअरबस ए३४०-५०० विमानांनी ही सेवा सुरू केली. चार इंजिनांचा इंधनखर्च न परवडल्याने २०१३ मध्ये ती बंद झाली आणि २०१८ मध्ये दोन इंजिनांच्या ए३५०-९०० च्या लांब पल्ल्याच्या आवृत्तीने परत आली. या आवृत्तीत १,६५,००० लिटर इंधन मावते, आसने मात्र १६१ च आहेत. केनेडीची सेवा २०२० पासूनची आहे.