कार्प मासा आमिष का थुंकतो?

समुद्राच्या मासळीवर वाढलेला कोकणी माणूस गोड्या पाण्याच्या स्पर्धेत गरवायला बसतो आणि गरीला काही लागले नाही की "आज मासा आलाच नाही" असे म्हणून काठी आवरतो. रोहू, मृगळ, सायप्रिनस (कॉमन कार्प) अशा कार्प कुळातील माशांच्या बाबतीत हे निदान पुष्कळदा चुकते. मासा आलेला असतो, त्याने आमिष तोंडात घेतलेले असते आणि पारखून थुंकलेलेही असते.

कार्पच्या जबड्यात दात नसतात. ओठ पुढे काढून तो पाणी ओढतो, तेव्हा आमिषाबरोबर वाळू, चिखल, कुजका पाला असे सारेच आत जाते. सुपात पाखडताना निवड वजनावर होते. कार्प ती मुख्यतः चवीवर करतो. त्याच्या टाळूवर स्नायूंची जाड गादी असून तिच्यावर रुचिकलिकांची, म्हणजे चव ओळखणाऱ्या सूक्ष्म अवयवांची, दाटी असते. चविष्ट कण जिथे टेकतो तेवढाच गादीचा भाग फुगतो व कण खालच्या कल्ल्यांच्या कमानींवर दाबून धरतो. बाकीचा गाळ कल्ल्यांतून धुऊन जातो किंवा तोंडावाटे फेकला जातो. चवीचा संदेश दहाव्या कपाल चेतेमार्फत (थेट मेंदूला जोडलेल्या मज्जातंतूमार्फत) मेंदूच्या मागील भागातील एका खंडाकडे जातो. कार्पमध्ये हा खंड इतका वाढलेला असतो की मेंदूवर त्याचे उंचवटे स्पष्ट दिसतात. त्याच्या थरांत तोंडातील जागांचा नकाशाच मांडलेला असल्यामुळे चव कोणती याबरोबरच ती तोंडात नेमकी कुठे लागली, याचाही हिशेब तिथे होतो. पसंत पडलेला घास मग घशातील दातांखाली भरडला जातो.

या पारखीत उतरायचे तर आमिषातील चव पाण्यात विरघळली पाहिजे. महागडी सुगंधी तेले इथेच कमी पडतात, कारण तेल पाण्यात न मिसळता वर तरंगते. प्रोलिन, ॲलॅनिन यांसारखी अमिनो आम्ले (प्रथिनांचे घटक) मात्र विरघळतात आणि सायप्रिनसला ती रुचतात. कोकणात त्यांचा उत्तम साठा घरातच असतो: सुका जवळा. खाऱ्या पाण्यात राहूनही पेशींतील पाणी बाहेर ओढले जाऊ नये म्हणून समुद्री कोळंबी आणि तिच्या कुळातील जीव अशी मुक्त अमिनो आम्ले पेशींत साठवतात. ताज्या कोळंबीच्या गोडव्यात त्यांचाच मोठा वाटा असतो. जवळ्याची पूड पेंडीत मळली की ती पाण्यात पाझरू लागतात. गरी मंतरून आणण्याने किंवा काठीला लिंबू बांधण्याने या रसायनात तिळमात्र फरक पडत नाही.

तरीही मासा थुंकणारच, हे धरून गरी बांधावी. गरी आमिषात पूर्ण रुतलेली असेल तर थुंकताना ती आमिषासकट सुटते. इंग्लंडमधील कार्पच्या शिकाऱ्यांनी 1980 च्या सुमारास यावर उपाय काढला: गरीच्या दांडीला बारीक दोरा बांधून भिजवून उकडलेला मका किंवा हरभरा त्या दोऱ्यावर ओवायचा आणि गरीचे टोक उघडे ठेवायचे. मासा घास बाहेर टाकू लागला की हे मोकळे टोक बहुधा खालच्या ओठात रुतते.

कार्पला जठर नसते, त्यामुळे तो एकदम पोट भरून न घेता थोडे थोडे खात राहतो; म्हणून चाराही मूठ-मूठ आणि वारंवार टाकावा. तळाशी चरणाऱ्या मृगळ आणि सायप्रिनसला ही मांडणी विशेष लागू पडते. कटला वरच्या थरातील प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव, गाळून खातो. त्याच्यासाठी तरंगाखाली (फ्लोटखाली) उथळ सोडलेले, पाण्यात भुरभुरत सुटणारे आमिष हवे.