‘दिवाली’ की ‘कुली डान्स’? जमैकाचे दोन टाळ्यांचे ठेके

जमैकाच्या शॉन पॉलचं ‘गेट बिझी’ आणि तिथल्याच वेन वंडरचं ‘नो लेटिंग गो’ ही गाणी लागोपाठ ऐकली की आपल्याकडचा माणूस पटकन म्हणतो, ‘चाल ढापली!’ पण चाली दोघांच्या वेगळ्याच आहेत. सारखा आहे तो खालचा ठेका आणि बेस, म्हणजे खर्जातले सूर. जमैकात त्याला रिडिम म्हणतात. आपण एकाच चालीवर नवे शब्द बसवतो. तिथे रिडिम तोच ठेवून प्रत्येक गायक शब्दही स्वतःचे आणतो आणि चालही. निर्माता रिडिम बनवतो, मग त्यावर पाच-दहा जण आपापलं गाणं करून जातात. यात कुणाला काही वावगं वाटत नाही.

वरच्या दोन्ही गाण्यांचा रिडिम ‘दिवाली’. तो निर्माता स्टीव्हन ‘लेंकी’ मार्सडेनचा. 2002 मध्ये ग्रीनस्लीव्ज कंपनीनं या एकाच रिडिमवरच्या गाण्यांचा अख्खा अल्बम काढला. 2003 च्या मे महिन्यात ‘गेट बिझी’ अमेरिकेतल्या लोकप्रिय गाण्यांच्या बिलबोर्ड हॉट 100 यादीत पहिलं आलं. त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या लुमिडीचं ‘नेव्हर लीव्ह यू’ तिसऱ्या क्रमांकापर्यंत चढलं, तेही ‘दिवाली’वरच. बाउंटी किलरचं ‘सफरर’सुद्धा याच रिडिमवर. या रिडिमचा जीव टाळ्यांत आहे. आरतीच्या टाळीसारखी ती सरळ मात्रेवर पडत नाही. सोबत टाळी देऊन पाहा, हात चुकतोच.

टाळ्या ‘कुली डान्स’ या दुसऱ्या रिडिममध्येही आहेत, आणि दोघांत घोटाळा तिथूनच सुरू होतो. हा निर्माता कॉर्डेल ‘स्कॅटा’ बरेलचा, साधारण वर्षभरानंतरचा. त्यावरचं निना स्काय या जुळ्या बहिणींचं ‘मूव्ह या बॉडी’ 2004 मध्ये हॉट 100 वर चौथ्या क्रमांकावर गेलं. पिटबुलचं ‘कुलो’ आणि मिस्टर व्हेगासचं ‘पुल अप’ याच रिडिमवर आहेत.

दुसरा घोटाळा नावांचा. दोन्ही नावं आपल्या ओळखीची, कारण 1845 पासून भारतातून करारबद्ध मजूर जमैकात नेले गेले. ते मुख्यतः उत्तर भारतातले. म्हणून मराठीतलं ‘दिवाळी’ नाही, हिंदीतलं ‘दिवाली’. गांजा हा शब्दही त्यांच्याबरोबरच तिथे पोचला. मात्र ‘कुली’ हा आपल्या स्टेशनवरचा हमाल नव्हे. तिथे तो भारतीय वंशाच्या माणसासाठी वापरला जातो आणि अनेकांना शिवीसारखा लागतो. रिडिमचं नाव म्हणून ठीक, एरवी तोंडात नको.

आणि गायकावरून रिडिम ओळखायला जाऊ नका. एलिफंट मॅनचं ‘एलिफंट मेसेज’ ‘दिवाली’वर आहे, तर ‘जूक गॅल’ ‘कुली डान्स’वर. आधी निर्मात्याचं नाव बघा: लेंकी की स्कॅटा.