चिमणी उभी आहे म्हणजे गिरणी वाचली असं नाही

‘गिरणीचा पुनर्विकास झाला, पण वारसा जपला’ असं कुठे वाचलं की माझा संताप होतो. पुनर्विकास आणि पुनर्वापर हे दोन शब्द सर्रास एकमेकांच्या जागी ठेवले जातात.

पुनर्विकास मुंबईकराला समजावायला नको: पाडा, जमीन मोकळी करा, टॉवर चढवा. पुनर्वापरात इमारत तीच राहते, तिचं काम बदलतं. खर्च, परवानग्या वगैरे प्रकरणागणिक बदलतात, त्यात अडकू नका.

घोळ होतो तो ‘काय उरलं’ यावर. मॉलच्या अंगणात चिमणी राखली, तिच्यावर दिवे सोडले, की लोक त्याला जतन म्हणतात. चिमणी बॉयलरचा धूर सोडायची. माणसं पाळीभर उभी असायची ती साचेखात्यात, म्हणजे कापड विणणारे माग (गिरणीच्या भाषेत ‘साचे’) असलेल्या शेडमध्ये. करवतीच्या दात्यांसारखं छप्पर, त्याच्या उत्तरेकडच्या काचांतून ऊन टाळून येणारा सारखा उजेड, ओतीव लोखंडी खांबांच्या रांगा आणि साच्यांच्या ओळी मावतील एवढी सलग जमीन. ग्रंथालयाला, प्रदर्शनाला, मुलांच्या कार्यशाळेला याहून चांगली जागा कोणती? आणि नेमकं हेच आधी पाडलं जातं.

लंडनचं बँकसाइड वीजकेंद्र १९८१ साली बंद पडलं आणि २००० साली तिथे टेट मॉडर्न हे कलासंग्रहालय उघडलं. यंत्रं काढली, पण सुमारे ३५ मीटर उंचीचं टर्बाइनचं दालन मजले घालून भरून टाकलं नाही. आज कलावंत त्या उंचीचा विचार करून काम मांडतात, आणि कुणीही तिकीट न काढता आत जाऊ शकतं. चिमणी तिथेही आहे, पण तिच्याखाली वीजकेंद्रही आहे. नवा उपयोग जुन्या वास्तूच्या मापाने बेतला, तरच मी त्याला पुनर्वापर म्हणेन.

मुंबईच्या गिरणगावात हे का झालं नाही, याचं एक कारण नियमात आहे. १९९१च्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या ५८व्या नियमानुसार गिरणी पाडून जमीन विकसित केली, तर तिचे ढोबळमानाने तीन वाटे व्हायचे: महापालिकेला मोकळ्या जागांसाठी, म्हाडाला घरांसाठी आणि मालकाला. २००१च्या दुरुस्तीने वाटणीत फक्त आधीपासून मोकळी असलेली जमीन उरली. शेड पाडून रिकामी होणारी जागा त्यातून सुटली, म्हणजे पाडकामावरचा मोठा लगामच गेला. २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने ही दुरुस्ती कायम ठेवली.

काळाचौकीच्या इंडिया युनायटेड मिल क्रमांक २-३च्या जागेत महापालिकेने वस्त्रोद्योग संग्रहालय हाती घेतलं आहे. तिथे कारंजी आणि भित्तिचित्रं नसली तरी चालेल. जुन्या छपराखाली एक साचा चालू ठेवा, आणि तो चालवायला गिरणीत घाम गाळलेल्या माणसांना बोलवा, ती अजून आपल्यात आहेत तोवर.